पोर्टलवरचा मोबाइल नंबर कोणाचा?

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

मार्च संपला की आमच्यासारख्या कर सल्लागारांच्या कार्यालयांत नव्या पार्ट्या येऊ लागतात. ‘पार्टी’ हा आमच्या कामातला रोजचा शब्द; वकिलाचे अशील, डॉक्टरांचे पेशंट, तशी आमची पार्टी. कोणी पाडव्याला नवा धंदा सुरू केलेला असतो, कोणाचे जुन्या सल्लागाराशी पटेनासे झालेले असते, तर कोणाच्या हातात नोटीस असते आणि चेहऱ्यावर काळजी. इचलकरंजीत मी २००४ पासून या कामात आहे. पहिली पाच वर्षे एका ज्येष्ठ सल्लागारांच्या कार्यालयात काढली, त्यानंतर स्वतःचे कार्यालय सुरू केले. विक्रीकराचे शेवटचे दिवस, १ एप्रिल २००५ पासूनचा व्हॅट आणि १ जुलै २०१७ पासूनचा जीएसटी या तिन्ही कारकिर्दी मी या टेबलावरून पाहिल्या आहेत. कायदे बदलले, फॉर्म बदलले, कागदाच्या जागी विवरणपत्रे भरण्याचे सरकारी संकेतस्थळ, म्हणजे पोर्टल, आले; पण नव्या माणसाचे काम हाती घेण्याची आमची रीत मात्र तीच राहिली. त्याने बिलांची पिशवी टेबलावर ठेवायची, ‘एवढं बघून टाका’ म्हणायचे, आम्ही ‘ठेवून जा, बघतो’ म्हणायचे, आणि चहा संपायच्या आत काम सुरू झालेले असायचे. या रीतीने लहान व्यापाऱ्याचे, कारागिराचे आणि आम्हा सल्लागारांचेही जे नुकसान होते, त्याकडे आपल्या वाचकांचे लक्ष वेधावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

काही काळापूर्वीची एक घटना सांगते. एका महिन्याच्या १८ तारखेला संध्याकाळी एक खर्चीवाले यंत्रमागधारक माझ्याकडे आले. आमच्या गावाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे, की व्यापाऱ्याचे सूत घेऊन प्रति पिक, म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवर, ठरलेल्या मजुरीने कापड विणून देणाऱ्याला आमच्याकडे खर्चीवाला म्हणतात. सूत त्याचे नाही, कापडही त्याचे नाही, माग आणि मेहनत तेवढी त्याची. त्यांचे आधीच्या सल्लागारांशी फीवरून बिनसले होते. जीएसटीआर-१, म्हणजे महिन्यात दिलेल्या बिलांचे विवरणपत्र, भरण्याची ११ तारीख उलटून गेली होती आणि जीएसटीआर-३बी, म्हणजे कर भरण्याचे विवरणपत्र, त्यासाठी दोनच दिवस उरले होते. सगळी बिले त्यांनी नीट लावून आणली होती, पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून आणला होता. मी विवरणपत्र तयार केले, भरण्यासाठी ओटीपी मागवला, आणि तो त्यांच्या फोनवर आलाच नाही. पोर्टलवर नोंदलेला मोबाइल नंबर आणि ई-मेल आधीच्या सल्लागारांचा होता. त्या गृहस्थांना माझ्यासमोर सहा वेळा फोन लावला. एकदाही उचलला गेला नाही.

विलंब शुल्क म्हणाल तर दिवसाला ५० रुपये, म्हणजे तेरा दिवसांचे ६५०. तेवढे कोणीही सोसेल. खरे नुकसान दुसरीकडे झाले. जीएसटीआर-१ वेळेत गेला नाही, म्हणून १४ तारखेला पोर्टलवर आपोआप तयार होणाऱ्या व्यापाऱ्याच्या खरेदी-बिलांच्या यादीत, म्हणजे जीएसटीआर-२बी मध्ये, या माणसाची बिले दिसली नाहीत. बिल दिसत नाही म्हणजे व्यापाऱ्याला त्या महिन्यात त्या बिलावरच्या कराची वजावट मिळत नाही. दोन व्यापाऱ्यांनी ‘टू-बी मध्ये आल्यावर या’ असे सांगून मजुरीच अडवून धरली. इकडे कामगारांचा आठवड्याचा पगार थांबवता येत नाही. त्या दोन आठवड्यांत या माणसाने बायकोचे दागिने गहाण ठेवून पगार भागवला, हे त्याने मला फार नंतर, सहज बोलताना सांगितले. एका मोबाइल नंबराची ही किंमत होती, आणि तो नंबर नोंदणीच्या वेळी कोणी टाकला, का टाकला, हे त्याला ठाऊकही नव्हते.

हा प्रकार इतका सर्रास आहे, की ऑगस्ट २०१८ मध्ये खुद्द केंद्रीय अर्थ मंत्रालयाला त्यावर निवेदन काढावे लागले. मध्यस्थांनी नोंदणी करताना स्वतःचाच ई-मेल आणि मोबाइल टाकला आणि आता ते करदात्याला त्याच्याच खात्याचा तपशील देत नाहीत, अशा तक्रारी येत असल्याचे त्यात म्हटले होते आणि मार्गही दिला होता. करदात्याने आपल्या हद्दीच्या जीएसटी अधिकाऱ्याकडे धंद्याचे पुरावे घेऊन जायचे. अर्जदार हाच त्या नोंदणीवरचा अधिकृत माणूस आहे याची अधिकाऱ्याने खात्री करायची आणि नवा ई-मेल व मोबाइल नोंदवायचा. मग पोर्टलकडून तात्पुरता पासवर्ड त्या नव्या ई-मेलवर येतो. माझ्या त्या पार्टीचे काम याच मार्गाने झाले. मार्ग आहे, परंतु अडचणीत सापडलेल्या माणसाला तो माहीत नसतो. तो बिचारा जुन्या सल्लागाराच्या दारात खेटे घालत बसतो.

आता दोष केवळ इतरांवर टाकून मला मोकळे होता येणार नाही. २०१६ च्या अखेरीस व्हॅटच्या व्यापाऱ्यांना जीएसटी पोर्टलवर नेण्याचे काम सुरू झाले तेव्हा कार्यालयात माणसांची रांग होती, अनेक व्यापाऱ्यांकडे ई-मेल नव्हता, साइट मध्येच बंद पडत होती, आणि ओटीपीची मुदत संपायच्या आत समोरच्याला फोनमधला मेसेज शोधता येत नव्हता. त्या घाईत मीही तीस-पस्तीस पार्ट्यांच्या नोंदणीत माझा स्वतःचा नंबर टाकला. हेतू वाईट नव्हता, सोय पाहिली. परंतु सोयीसाठी घेतलेली किल्ली हातात राहिली की माणसाला तिची सवय होते, आणि पार्टी सोडून निघाली की तीच किल्ली अडवणुकीचे साधन होते. पुढे एकेका पार्टीला बोलावून, तिच्या फोनवर ई-मेल उघडून देऊन, सगळे नंबर बदलायला मला दीड वर्ष लागले. ज्या दिवशी शेवटचा नंबर बदलला त्या दिवशी मला फार हलके वाटले होते.

तेव्हापासून माझ्या कार्यालयात नवी पार्टी आली की पहिला प्रश्न हाच असतो: पोर्टलवरचा मोबाइल नंबर कोणाचा आहे? तो तिथल्या तिथे तपासल्याशिवाय आम्ही एकही बिल उघडत नाही. नंबर पार्टीचा नसेल तर आधी तो बदलण्याचे काम, मग बाकीचे. कितीही घाई असली तरी हा क्रम मोडायचा नाही, असे माझ्या दोन्ही सहायकांना सांगून ठेवले आहे.

वास्तविक जीएसटी कायद्याने यासाठी सरळ व्यवस्था केलेली आहे. नोंदणीकृत जीएसटी प्रॅक्टिशनरला, म्हणजे दुसऱ्यांची विवरणपत्रे भरून देणाऱ्या सल्लागाराला, पोर्टलवर स्वतःचे वेगळे लॉगिन मिळते. करदात्याने पीसीटी-०५ या फॉर्मने त्याला अधिकार द्यायचा, कोणती कामे करू द्यायची ते त्यात ठरवायचे, आणि नको असेल तेव्हा तो अधिकार काढून घ्यायचा. म्हणजे पासवर्ड मागण्याची गरज नाही आणि चिठ्ठीवर लिहून देण्याचीही नाही. ही सोय कायद्यात असूनही, करदात्याचाच पासवर्ड घेऊन त्याच्याच नावाने आत जाण्याची पद्धत मला आजूबाजूला सर्वत्र दिसते. एका वहीत दोन-दोनशे पार्ट्यांचे पासवर्ड, शेजारी आधार आणि पॅनच्या झेरॉक्स, टेबलाच्या खणात कंपन्यांच्या डिजिटल सहीचे डोंगल. ती वही हरवली तर काय, हा प्रश्न पार्टीही विचारत नाही आणि आम्हीही नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० नुसार डिजिटल सहीची किल्ली आपल्या ताब्यात ठेवण्याची जबाबदारी ज्याची सही त्याचीच असते. ती दुसऱ्याच्या खणात पडून असताना तिचा गैरवापर झाला, तर उत्तर सहीवाल्यालाच द्यावे लागते.

दुसरा प्रश्न मी स्वतःच्या चुकीतून शिकले. २०१८ च्या सुमारास एक नवे गृहस्थ प्राप्तिकराच्या कामासाठी आले. चार माग, वर्षाची विणाईची मजुरी सोळा लाखांच्या आसपास. सेवेसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा २० लाखांची, म्हणून नोंदणी लागत नाही, असे मी त्यांना तोंडी सांगून टाकले. पुढच्या वर्षी जुलैत त्यांचे प्राप्तिकराचे कागद लावताना एका बँक पासबुकात दरमहा पन्नास हजारांची जमा दिसली. विचारले तेव्हा कळले, की बाजारपेठेत त्यांचे दोन गाळे आहेत आणि ते दुकानांना भाड्याने दिलेले आहेत. ‘तुम्ही मागाचं विचारलंत, गाळ्यांचं कुठं विचारलंत?’ असे ते म्हणाले, आणि ते अगदी खरे होते. जीएसटीची मर्यादा एका धंद्यापुरती नसते, एका पॅनवरच्या सगळ्या उलाढालीची मिळून असते. सोळा लाख मजुरी आणि सहा लाख भाडे मिळून बावीस लाख झाले होते. मर्यादा ओलांडल्यापासून तीस दिवसांत नोंदणीचा अर्ज करायचा असतो. आम्ही कित्येक महिने मागे पडलो होतो. मजुरीची बिले बिनकराची गेलेली, त्यामुळे मागचा कर व्यापाऱ्यांकडून मागता येईना. कर खिशातून, त्यावर १८ टक्क्यांनी व्याज खिशातून. त्या वर्षीची फी मी घेतली नाही. तरी त्यांचे जे गेले त्यापुढे ती फी काहीच नव्हती.

म्हणून आता दुसरा प्रश्न असा: तुमच्या पॅनवर आणखी काय काय आहे? गाळे, शेड, दुसरे दुकान, भागीदारी, कमिशनचे काम, मुलाच्या नावाने चालवलेला पण पॅन वडिलांचा असलेला धंदा. माणसे हे मुद्दाम लपवतात असे नाही. विवरणपत्राशी त्याचा संबंध असेल असे त्यांना वाटतच नाही. १ एप्रिल २०१९ पासून मालाच्या व्यापाऱ्यांसाठी मर्यादा ४० लाख झाली, तेव्हापासून तर गोंधळ आणखी वाढला. ‘चाळीस लाखांपर्यंत काही लागत नाही’ हे वाक्य चहाच्या टपरीपर्यंत पोहोचले, पण मजुरीवर विणून देणे ही सेवा आहे आणि सेवेची मर्यादा २० लाखांवरच राहिली आहे, हे पोहोचले नाही. ऐकीव माहितीवर निर्धास्त राहिलेले खर्चीवाले मला अजूनही भेटतात.

पहिल्या भेटीत सगळे कळत नाही, हेही मला अनुभवाने मान्य करावे लागले. त्यामुळे नवे काम घेतल्यावर पहिल्या महिन्यात एकदा तरी मी त्या माणसाच्या धंद्याच्या जागेवर जाते. माझे काही समव्यावसायिक याला वेळेचा अपव्यय म्हणतात. परंतु मागाच्या शेडमध्ये अर्धा तास उभे राहिल्यावर जे दिसते ते कागदांच्या पिशवीत येत नाही. अशाच एका शेडमध्ये, खटखटाटात बोलणे ऐकू येत नव्हते म्हणून मालक मला कोपऱ्यातल्या देवळीपाशी घेऊन गेला. तिथे रुईच्या तंतूंनी माखलेले एक चलनबुक होते. व्यापाऱ्याकडून किती बिमे, म्हणजे उभे सूत गुंडाळलेले रूळ, आली, किती मीटर कापड परत गेले, सगळे पेन्सिलीने टिपलेले. माझ्याकडे आलेल्या बिलांत जे व्यापारी होते त्यांच्याशिवाय आणखी एका नावाची चलने त्यात होती. त्या व्यापाऱ्याचे काम झाले होते, मजुरी रोखीने मिळाली होती, बिल कधी फाडलेच नव्हते. मालकाच्या मनात चोरी नव्हती. तो व्यापारी बिल मागत नसे, म्हणून याने दिले नाही. भिंतीवरच्या लाइट बिलावर नाव होते त्याच्या दिवंगत वडिलांचे, आणि नोंदणी होती याच्या नावावर. जागेचे संमतिपत्र नाही, वारसाची नोंद नाही. उद्या अधिकारी पाहणीला आले असते तर पहिला प्रश्न तोच निघाला असता. दोन्ही गोष्टी आम्ही पुढच्या दोन महिन्यांत नीट करून घेतल्या.

आता फीविषयी. या विषयावर आपल्याकडे कोणी उघड बोलत नाही, आणि जुन्या सल्लागाराशी झालेली भांडणे मी ऐकते त्यांतली बहुतेक इथूनच निघालेली असतात. ‘फीचं काय, तुम्ही घरचेच’, ‘तुम्ही काय ते बघून लावा’, ‘पहिलं काम तर होऊ द्या’, ही वाक्ये मी वीस वर्षे ऐकत आले आहे, आणि सुरुवातीची अनेक वर्षे त्यांवर हसून मान डोलावत आले आहे. मग वर्षअखेरीस मी माझ्या हिशेबाने आकडा सांगायचा, समोरच्याच्या मनातला आकडा त्याच्या निम्मा असायचा, आणि दोघांच्याही मनात कायमची अढी बसायची. त्याला वाटायचे मी फसवले, मला वाटायचे माझ्या कष्टांची किंमत नाही. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक. करार ठरलेलाच नव्हता, तर तो मोडला कोणी हे कसे सांगणार?

आज माझ्याकडे एक पानी कागद आहे, मराठीत, मोठ्या अक्षरांत. कोणती विवरणपत्रे मी भरणार आणि त्याची महिन्याची फी किती, हे त्यात पहिल्यांदा येते. नोटिशीचे उत्तर, कर निर्धारणेची सुनावणी, परतावा, बँकेच्या कर्जासाठीचे कागद ही कामे फीत धरलेली नाहीत आणि ती आली तर आधी विचारून मगच करू, हे त्याखाली. बिले दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत यायला हवीत. ती ९ नंतर आली आणि ११ तारीख चुकली तर विलंब शुल्क पार्टीचे. वेळेत आली असूनही माझ्याकडून चुकली तर शुल्क माझे. हे शेवटचे वाक्य घातले तेव्हा घरच्यांनीही मला वेड्यात काढले होते, पण त्या एका वाक्यामुळे समोरचा माणूस बाकीचा कागद मन लावून वाचतो. पाच कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांना तिमाही विवरणपत्राची सोय १ जानेवारी २०२१ पासून आहे. पण ती घेतली तरी दरमहा कर भरावा लागतो आणि व्यापाऱ्याला वजावट वेळेत हवी असेल तर बिले दरमहा १३ तारखेपर्यंत चढवावी लागतात, हे आम्ही त्याच बैठकीत समजावतो. ‘तीन महिन्यांनी एकदा या’ एवढेच ऐकून गेलेला खर्चीवाला पुढे व्यापाऱ्याच्या कचाट्यात कसा सापडतो, हे वर सांगितलेच आहे.

कागदाच्या शेवटी वेगळे होण्याचे कलम आहे. पार्टीला कधीही दुसरीकडे जाता येईल. निघताना तिची सगळी मूळ कागदपत्रे यादी करून, सही घेऊन परत मिळतील. राहिलेली फी हा वेगळा विषय, त्यासाठी कागद अडवले जाणार नाहीत. जीएसटीत हिशेबाचे दफ्तर वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवावे लागते. ते जपण्याची जबाबदारी करदात्याची आहे. ज्याचे दफ्तर त्याच्याकडे नाही तो सहा वर्षांनी आलेल्या प्रश्नाला काय उत्तर देणार? कागद अडवून फी वसूल करणारे आमच्यातले काही जण स्वतःच्या पाच-दहा हजारांसाठी दुसऱ्याचे किती मोठे नुकसान ओढवतात, याचा त्यांनी विचार करावा, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

दुसऱ्याकडून आलेली पार्टी घेताना आधीच्या सल्लागाराला मी स्वतः फोन करते. चार्टर्ड अकाउंटंटांना तर लेखापरीक्षणाचे काम घेण्याआधी आधीच्या लेखापरीक्षकाला लेखी कळवण्याचे बंधन १९४९ च्या त्यांच्या कायद्यातच आहे. तेवढे बंधन आमच्यासारख्या कर सल्लागारांवर नाही, पण बंधन नाही म्हणून रीत नसावी असे थोडेच आहे. या फोनमुळे अनेकदा उपयोगी माहिती मिळते: एखादी नोटीस अर्धवट राहिलेली असते, एखादे वर्ष भरायचे राहिलेले असते, आणि कधी हेही कळते की या माणसाने मालाशिवाय नुसती बिले मागितली होती म्हणून आधीच्यांनी काम सोडले. असे काम मी घेत नाही. त्यावर यापेक्षा जास्त बोलण्यासारखे काही नाही.

आता यावर जो आक्षेप घेतला जातो, त्याचे उत्तर द्यायला हवे. आपल्या गावांत व्यवहार शब्दावर चालतो. पहिल्याच भेटीत कागद पुढे केला तर समोरचा दुखावतो, ‘माझ्यावर विश्वास नाही का’ म्हणतो आणि शेजारच्या टेबलावर जातो, असे अनेक समव्यावसायिक सांगतात. हे खोटे नाही. पहिल्या वर्षी माझ्याकडून सात जण असे निघून गेले, आणि त्यांतले दोन तर नात्यातले होते. कार्यालयाचे भाडे आणि दोन पगार द्यायचे असताना सात पार्ट्या जाणे सोपे नसते. तरीही मला वाटते, की शब्दावर व्यवहार चालतो तो शब्द दोघांना सारखाच आठवतो तोवर. पूर्वी सावकाराच्या, आडत्याच्या पेढीवरही कीर्द-खतावणी होतीच. लक्ष्मीपूजनाला आपण वहीचीच पूजा करतो. लिहून ठेवणे हा अविश्वास असता तर आपल्या आजोबांनी वहीला हळद-कुंकू वाहिले नसते. कागद पुढे करण्याची रीत मात्र महत्त्वाची आहे. मी तो सहीसाठी लगेच सरकवत नाही. मोठ्याने वाचून दाखवते, घरी नेऊन मुलाला, सुनेला दाखवायला सांगते, आणि दोन दिवसांनी सही घेते. वाचून दाखवताना बरेच जण मध्येच थांबवून प्रश्न विचारतात, आणि त्या प्रश्नांतच त्यांच्या धंद्याची खरी माहिती मिळते. गाळ्यांचे भाडे आता मला पासबुकात शोधावे लागत नाही. वाचन चालू असतानाच कोणीतरी सांगते, ‘मॅडम, माझी एक शेडपण आहे भाड्यानं दिलेली, ती यात येते का?’

आणि ज्यांना कागदाचे महत्त्व पटत नाही त्या खर्चीवाल्यांना मी त्यांच्याच धंद्यातले उदाहरण देते. लघुउद्योगांच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे देण्याची मुदत लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस आणि करार नसेल तर १५ दिवस आहे. त्यापुढे थकवणाऱ्या खरेदीदाराला आता प्राप्तिकरातही ती रक्कम देईपर्यंत वजावट मिळत नाही. यासाठी लागणारी उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, तिच्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर देऊ नयेत. व्यापाऱ्याकडून मजुरीचा दर, पिकांचा हिशेब आणि पैशांची तारीख एका कागदावर घ्या, असे मी त्यांना सांगते, तेव्हा माझ्याशी होणारा कागदही त्यांना परका वाटत नाही.

एक गोष्ट राहिली, ती वैयक्तिक माहितीची. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये संसदेने मंजूर केला. माणसाची माहिती कशासाठी घेत आहोत हे त्याला सांगून संमती घ्यायची, आणि ती सूचना त्याला इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचता आली पाहिजे, असे त्यात आहे. आमच्यासारख्या लहान कार्यालयांना हा कायदा मोठ्या कंपन्यांचा वाटतो. पण आधारच्या जितक्या झेरॉक्स आमच्या कपाटांत आहेत तितक्या कुठल्या कंपनीच्या शाखेतही नसतील. आम्ही आता आधार मागताना शेवटचे चारच आकडे दिसणारे आधार घेतो. ते यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावरून उतरवता येते. जुन्या पार्ट्यांच्या झेरॉक्स परत करण्याचे काम या वर्षी हाती घेतले आहे, ते निम्मे झाले आहे.

हे सर्व एकट्या-दुकट्याने करून भागणार नाही, म्हणून आपल्या दैनिकातून तीन ठिकाणी विनंती करते. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या कर सल्लागारांच्या संघटनांनी काम स्वीकारण्याचा एक समान मराठी नमुना तयार करावा, म्हणजे कागद पुढे करणारा एकटा पडणार नाही आणि पार्टीला ‘सगळीकडे असेच असते’ हे कळेल. जीएसटी कार्यालयांनी नवी नोंदणी मंजूर झालेल्या प्रत्येकाला मराठीत एक संदेश पाठवावा, की नोंदणीतला मोबाइल आणि ई-मेल तुमचा स्वतःचाच आहे ना हे आजच तपासा, आणि नसेल तर काय करायचे ते त्याच संदेशात लिहावे. आणि ज्या वाचकांचे लहानसे दुकान, शेड, गॅरेज किंवा पार्लर आहे आणि ज्यांचे काम दुसरा कोणी पाहतो, त्यांनी हे पत्र वाचून झाल्यावर आपल्या सल्लागाराला एक फोन करून विचारावे: पोर्टलवरचा नंबर कोणाचा आहे? सल्लागार भला असेल तर त्याला राग येणार नाही.

माझ्या कार्यालयात वापरात असलेल्या त्या एक पानी कागदाची प्रत, फीचे आकडे कोरे ठेवून, या पत्रासोबत जोडली आहे. तीत सुधारणेला जागा आहे. विशेषतः भागीदारी संस्थेत कोणत्या भागीदाराचे सांगणे मानायचे याविषयीचे कलम मला अजून नीट लिहिता आलेले नाही. आपण ती छापू शकलात आणि कोणा अनुभवी वाचकाने ते कलम सुचवले, तर मी ते लगेच वापरात आणीन.

कळावे,

आपली विश्वासू,
एक कर सल्लागार, इचलकरंजी
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)